नोहाकाकांची फळी

निवृत्तीच्या समारंभात लोक बरंच काही सांगतात. सकाळी फिरायला जा, गोड कमी खा, बायकोच्या स्वयंपाकात लक्ष घालू नका. 'धनुष्य करायला जाऊ नका' एवढं मात्र मला कोणी सांगितलं नाही. बँकेच्या मॅनेजरने माझ्यावर चांगलं लांबलचक भाषण केलं, त्यात हे एक वाक्य सहज बसलं असतं.

पुण्यातली नोकरी संपवून मी आणि माझी बायको लिडिया श्रीरामपूरजवळच्या बेलापूरला आमच्या जुन्या घरी राहायला आलो. इथल्या बोर्डिंगात मी शाळा शिकलो. बोर्डिंग आता नाही, पाडून तिथे मंगल कार्यालय झालं, पण बोर्डिंगचे सुपरिंटेंडेंट नोहाकाका अमोलिक अजून होते. चर्चच्या मागच्या गल्लीत एकटेच राहायचे. काकू गेल्यापासून त्यांनी घराचा उंबरा ओलांडला नव्हता. रविवारच्या भक्तीलासुद्धा येत नसत. ओसरीवर खुर्ची टाकून बसायचे. मी रोज जायचो, 'कसं काय काका' म्हणायचो, ते 'बरंय' म्हणायचे, आणि मग आम्ही दोघं समोरच्या भिंतीकडे बघत बसायचो.

हा तो माणूस, ज्याच्या आवाजाने आमचं अख्खं बोर्डिंग अंथरुणातून उठायचं! शनिवारी दुपारी काका आमच्याकडून तिरंदाजी करून घेत. बांबूची धनुष्यं, तुराट्यांचे बाण आणि समोर रॉकेलचा रिकामा डबा. "दोरी कानाशी आन. आता श्वास धर. सोड!" डबा वाजला की आमच्यापेक्षा काकाच जास्त उड्या मारायचे. मला गणितात कधी कोणी शाबास म्हटलं नाही, पण तो डबा वाजल्यावर काकांनी पाठीवर मारलेली थाप मला अजून जाणवते.

म्हणून चर्चच्या हंगामाच्या सणाची, म्हणजे नवं पीक देवाला वाहायच्या सणाची, कमिटी बसली तेव्हा मी उभा राहून जाहीर केलं, की यंदा खेळांमध्ये तिरंदाजी ठेवू आणि पहिला बाण नोहाकाका मारतील. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर चर्चच्या पाळकसाहेबांनी विचारलं, "पण काका येतील का?" मी म्हणालो, "ते माझ्याकडे लागलं." आयुष्यात मी जी जी वाक्यं बोलून पस्तावलो, त्यांत ह्याचा नंबर लग्नाच्या वचनाच्या जरा खाली लागेल.

माझी मुलगी आराधना घरूनच कंपनीचं काम करते. तिने मोबाईलवरून फायबरचं एक धनुष्य मागवलं. मी ते काकांपुढे धरलं. काकांनी त्यावर टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाले, "हे बादलीचं हाय. लाकडाचं कर, मंग येतो."

काकू गेल्यानंतरचं हे त्यांचं सर्वांत मोठं भाषण. मी धावतच घरी आलो.

आराधनाने मला एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक दाढीवाला परदेशी माणूस हसत हसत फळीचं धनुष्य करतो. टणक लाकडाची फळी घ्यायची, मात्र तिच्या अंगातल्या रेषा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेल्या हव्यात. मध्येच कडेला निसटलेली रेषा नको, गाठ तर नकोच नको. मग ती तासायची, आणि वाकवताना फुटू नये म्हणून तिच्या पाठीला बांबूची पट्टी किंवा तागाचं कापड चिकटवायचं. "सोपं आहे, बाबा," आराधना म्हणाली. ती कॉम्प्युटरवर काम करते, तिला सगळंच सोपं वाटतं.

त्या दिवसापासून मला जगात लाकडाच्या रेषांशिवाय काही दिसेना. कोणाच्या घरी चहाला गेलो की मी आधी टीपॉय उलटा करून बघायचो. एका साखरपुड्यात नवरा मुलगा कसा आहे असं लिडियाने विचारलं, तर मी म्हणालो, "खुर्ची बरी आहे, पण हाताला गाठ आहे." तिने मला बाहेर नेलं.

शेजारचे काकासाहेब शुगर फॅक्टरीतून निवृत्त झालेले. सल्ला द्यायला त्यांना विषयाची माहिती लागत नाही. कंपाउंडवरून वाकून ते म्हणाले, "डेव्हिडराव, बाभळ घ्या. बैलगाडीला बाभळ चालते, मंग ह्याला का न्हाई चालनार?" मी म्हटलं, बैलगाडी वाकवायची नसते. त्यावर त्यांनी थोडा विचार केला. "मंग चिंच." पलीकडच्या गोजरबाई धुणं वाळत घालता घालता म्हणाल्या, "लोखंडाचं करा की, म्हंजी वाळवी लागायची न्हाई." गल्लीतल्या झाडून सगळ्या लोकांना धनुष्यातलं कळतं, हे मला तेव्हा समजलं. मलाच तेवढं कळत नव्हतं.

शेवटी मी श्रीरामपूरच्या वखारीत गेलो. मालकाने विचारलं, "दाराला पायजे का खिडकीला?"

"धनुष्याला."

त्याने हातातली टेप गुंडाळून ठेवली. मग आतल्या माणसाला म्हणाला, "सायबांना खुर्ची दे."

मी खुर्चीवर बसलो नाही. मी एकेक फळी उचलून उन्हात धरत होतो, डोळा मिटून तिच्या कडेवरून बघत होतो, बोटाने रेषेचा माग काढत होतो. हिची रेषा मध्येच खाली उतरलेली, तिची टोकाला फाकलेली, एक चांगली निघाली तर नेमकी कमरेत गाठ. जेवणाची सुट्टी झाली तरी माझं चाललंच होतं. मालक म्हणाला, "सायेब, पोरीला स्थळ बघताना मीसुदिक एवढं न्हाई बघितलं." शेवटी त्यानेच एक सागवानी फळी माझ्या हातात कोंबली आणि मला वखारीबाहेर काढलं.

फळी एसटीने आणली. कंडक्टर म्हणाला, "हिला उभं र्‍हायची जागा न्हाई, आडवी बी घालता यायची न्हाई." मी तिला मधल्या वाटेत उभी धरून उभा राहिलो. पुढच्या स्टॉपवर गर्दी चढली आणि लोकांनी गाडीचा खांब समजून तिला धरलं. एका आजीने तिच्यावर पिशवी अडकवली. ब्रेक लागला की आजी, पिशवी, फळी आणि चार-पाच प्रवासी असे सगळे माझ्या अंगावर येत. बेलापूर येईपर्यंत त्या गर्दीचा सगळा भार एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने पेलला होता, आणि त्याबद्दल कोणी आभारसुद्धा मानले नाहीत.

त्या फळीचं धनुष्य झालं. दिसायलाही छान झालं. अंगणात सगळ्यांसमोर मी दोरी ओढली, धनुष्य कानापर्यंत वाकलं, आणि काडकन मोडून त्याचा वरचा तुकडा माझ्या कपाळावर बसला. लिडिया हळद आणायला धावली. काकासाहेब कंपाउंडवरून म्हणाले, "तरी मी म्हनलं हुतं, बाभळ." टेंगूळ एवढं आलं की टोपी बसेना. सण तोंडावर आला होता. ओसरीवर काकांनी माझं कपाळ पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याचं दुःख टेंगळापेक्षा जास्त झालं.

मग मला ती फळी सापडली.

सणासाठी टेबलं काढायला मी चर्चच्या मागच्या खोलीत गेलो होतो. किल्ली भीमाकडे असते. भीमा चर्चचा नवा शिपाई, तोही हल्लीच कामाला लागलेला. "वर माळ्यावर काय काय पडलंय, बघा तुमीच," म्हणून तो झाडलोट करायला निघून गेला. माळ्यावर गोणपाटात गुंडाळून फळ्या ठेवल्या होत्या. मी एकीवरचं गोणपाट सारलं, फुंकर मारली आणि शिडीवरच बसून राहिलो. जुनं, जड, काळसर लाकूड. रेषा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, मध्ये एक गाठ नाही. मी कडेने पाहिलं, उलटी करून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. खोट सापडेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे सांगायला मला लाज वाटत नाही. लाकूड शोधलेल्या माणसालाच ते कळेल.

भीमाला हाक मारून म्हटलं, दोन फळ्या नेतोय. "न्या की," तो बाहेरूनच म्हणाला. एक धनुष्याला, एक मोडलं तर असावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात बसलो. एका फळीची दोन बोटं रुंदीची पट्टी उभी कापून काढली आणि तिच्यावर रंधा मारू लागलो. भुसा उडून डोळ्यांत जात होता, डोळे गळत होते, कपाळाला हळदीची पट्टी. रंधा मारता मारता लाकडाला एक ओळखीचा वास येऊ लागला. फोडणीच्या वरणाचा. मी थांबलो, पुन्हा हुंगलं. अहो, हे आमच्या बोर्डिंगच्या जेवणाचं टेबल! रोज संध्याकाळी ह्याच टेबलावर ताटल्या वाजवत आम्ही बसायचो आणि काका एका टोकाला उभे राहून प्रार्थना म्हणायचे, एक डोळा उघडा ठेवून. लाकडात इतकी वर्षं वास राहत नाही, असं आराधनाचं म्हणणं. राहत नसेल. मला आला. मी तसाच रंधा हातात धरून बसलो, आणि मग भुशाचं निमित्त करून जरा मोकळेपणाने रडलो.

तेवढ्यात फाटकाशी गोजरबाई दिसल्या. त्या फळ्यांकडे बघत होत्या. मग माझ्या डोळ्यांकडे बघितलं. तोंडाला पदर लावला आणि लगबगीने वळून गेल्या. मला वाटलं, बाईंना माझी कला भिडली.

थोड्या वेळाने चर्चची घंटा वाजली. आमच्याकडे कोणी गेलं की घंटा सावकाश वाजते. एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. ती ऐकली की हातातलं काम टाकून आधी चर्चच्या आवारात जमायचं, कोण गेलं ते कळलं की सगळ्यांनी मिळून त्या घरी जायचं. मी हात झटकले आणि लिडियाला हाक मारली. ती शेजारणीशी बोलून आत येत होती, चेहरा पांढरा पडलेला.

"नोहाकाका गेले," ती म्हणाली.

मी तिथेच भुशात बसलो. पट्टी अजून धनुष्य झाली नव्हती. कालच काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं, आणि 'उद्या येतो' एवढं म्हणून मी उठलो होतो. लाकूड निवडण्यात मी एवढे दिवस घालवले, ते दिवस त्यांच्याजवळ बसलो असतो तर काय बिघडलं असतं? चर्चपर्यंत कसा गेलो ते आठवत नाही.

आवार भरलं होतं. बायका रडत होत्या. काकासाहेब गुलाबाचा मोठा हार घेऊन आले होते. पाळकसाहेब झगा चढवत होते, गडबडीत त्यांना बाही सापडत नव्हती. घंटेच्या दोरीशी भीमा. एक ठोका. शांतता.

आणि मागच्या गल्लीतून काठी टेकत, काळा कोट घालून, टायसुद्धा बांधून नोहाकाका आले.

"कोन गेलं रं?" त्यांनी विचारलं.

रडणं मध्येच थांबलं. काकांनी सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग समोरच असलेल्या गोजरबाईंकडे. "गोजर, बोल की. कोन गेलं?"

"तुमी," गोजरबाई म्हणाल्या.

"मी? कवा?"

भीमाच्या हातून घाबरून आणखी एक ठोका पडला.

मग सगळं उलगडलं. बोर्डिंग पाडलं तेव्हा काकांनी जेवणाच्या टेबलाच्या फळ्या मागून घेतल्या होत्या आणि साऱ्या मंडळीला सांगून ठेवलं होतं, की मी गेलो की ह्याचीच पेटी करा, विकतची नको. घर गळतं म्हणून फळ्या चर्चच्या माळ्यावर ठेवल्या. जुन्या लोकांना हे पाठ होतं. मी तेव्हा पुण्यात बँकेत. गोजरबाईंनी पाहिलं, की काकांच्या फळ्या खाली उतरल्या आहेत आणि काकांचा लाडका विद्यार्थी रडत रडत रंधा मारतोय. आता ह्यावरून दुसरा काय अर्थ निघतो? त्यांनी भीमाला सांगितलं. भीमाला आठवलं, कालच मी दोन फळ्या नेल्या होत्या. त्याने दोरी ओढली.

सगळं आवार माझ्याकडे बघत होतं. जिवंत माणसाच्या शवपेटीतून दोन बोटं लाकूड कापून घेणारा मी बहुधा तालुक्यातला पहिलाच. कमिटीतले एक सभासद दबक्या आवाजात म्हणाले, "तेवढ्या जागेला प्लायवूड लावता येईल." पाळकसाहेबांनी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं.

"काका, चुकलं माझं," मी म्हणालो. "मला ठाऊक नव्हतं."

काकांनी ते ऐकलंच नाही. ते काकासाहेबांच्या हातातल्या हाराकडे बघत होते. "आनलाच हाय तर घाला," ते म्हणाले. काकासाहेबांनी तो त्यांच्या गळ्यात घातला. काय करणार, दुकानात हार परत घेत नाहीत. "चल आता," काका मला म्हणाले, "दाखव काय केलंस त्ये."

काळा कोट, गळ्यात हार, हातात काठी, आणि मागे अख्खी मंडळी. अशी वरात माझ्या अंगणात आली. काकांनी आधी कापलेली फळी भिंतीशी उभी करायला लावली आणि तिच्याजवळ पाठ टेकून उभे राहिले. फळी त्यांच्या डोक्याच्या पार वर गेली होती. "ह्या घेतल्या तवा मी हिच्याएवढा हुतो," ते म्हणाले. "आता एवढ्या पेटीत घातलं तर आत घरंगळत र्‍हाईन. दोन बोटं गेली त्याचं काय घिऊन बसलास?" लोक हसावं का नाही ह्या विचारात पडले. काकाच आधी हसले. ते हसणं मी शाळेनंतर पहिल्यांदा ऐकलं, आणि लिडियाला आडोसा करून डोळे पुसले.

मग त्यांनी पट्टी उचलली, गुडघ्यावर टेकवून जराशी वाकवली, कान लावून ऐकलं. "लाकूड झकास हाय. पाठ कच्ची र्‍हाईल. पाठीला ताग लाव."

ताग कुठला? काकासाहेबांनी घरातून साखरेचं जुनं पोतं आणलं. बाभळीचा सल्ला वाया गेल्याची त्यांनी अशी भरपाई केली. दुसऱ्या दिवसापासून काका रोज सकाळी काठी टेकत माझ्या अंगणात येऊ लागले. खुर्ची टाकून बसायचे आणि ओरडायचे. "कानस हळू! भाकर थापतोस का?" आजूबाजूच्या घरांतली माणसं त्या आवाजाने लवकर उठू लागली. तागाचं कापड घट्ट चिकटलं तेव्हा लक्षात आलं, की धनुष्याच्या पाठीवर उभ्या निळ्या अक्षरांत 'निव्वळ वजन' असं आलंय. आराधना म्हणाली रंग देऊ. काका म्हणाले, "र्‍हाऊ दे. खरं तेच लिवलंय."

हंगामाच्या सणाला चर्चपुढे ऊस, बाजरी, कोंबड्या, केळीचे घड, लिलावासाठी आणलेलं सगळं मांडलं होतं. काका कोट घालून उभे राहिले. दोरी पहिल्या ओढीला अर्ध्यावरच अडली. मी जवळ गेलो तर त्यांनी कोपराने मला बाजूला सारलं. दोरी कानाशी आली. मी श्वास धरला, शाळेत धरायचो तसा.

बाण डब्याला लागला नाही. डब्याच्या बराच डावीकडे जाऊन लिलावातल्या गोजरबाईंच्या भोपळ्यात घुसला. एवढ्या टाळ्या चर्चमध्ये नाताळलासुद्धा पडत नाहीत. बाणासकट भोपळ्यावर बोली लागली, आणि ती चढत चढत जाऊन काकासाहेबांनी तो घेतला. अजून भाजी केलेली नाही. दारात ठेवलाय.

सगळे पांगल्यावर काकांनी मला बोलावलं. धनुष्य मांडीवर आडवं धरून बसले होते, त्यावरून हात फिरवत.

"र्‍हायलेल्या फळ्यांची बी धनुष्यं कर," ते म्हणाले. "पोरांना शिकवतो. ज्या टेबलावर पोरं जेवली त्ये मातीत कशाला घालायचं?"

"आणि काका, तुमची पेटी?"

"तू शोध की फळ्या. आता तुला कळतंय. रेघ सरळ पायजे, गाठ नको. घाई न्हाई. पन मनासारखी फळी मिळाल्याबिगर मी जायचा न्हाई, सांगून ठेवतो."

आता दर शनिवारी चर्चच्या मागे डबा वाजतो. काकांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत येतो. आणि मी अधूनमधून एसटीने वखारीत जातो. मालक आता आपणहून खुर्ची देतो, चहा मागवतो, नवीन माल आला की माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतो. मी एकेक फळी उन्हात धरतो आणि परत ठेवतो.

परवा त्याने आतून एक फळी आणली. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेषा. मी कडेने पाहिली, उलटी करून पाहिली, बोट फिरवून पाहिलं. मालक कमरेवर हात ठेवून उभा होता.

"आता हिच्यात काय खोट हाय, सायेब?"

"गाठ आहे," मी म्हणालो.

"कुठं?"

मी त्या स्वच्छ लाकडाच्या मधोमध अंगठा दाबून धरला.

"ही काय."